लेकीचा कॉलेजचा निबंध आणि 'आपली संस्कृती': तुमच्या मुलांनी काय लिहिलं?

पारिजातक | ६ सप्टेंबर

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक यंदा बारावीला आहे. कॉमन ॲपचा (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना एकत्र चालणारा अर्ज) मुख्य निबंध लिहायचं चाललंय. कमीत कमी २५०, जास्तीत जास्त ६५० शब्द. तिला लवकरच्या फेरीत अर्ज करायचाय, म्हणजे १ नोव्हेंबर. सात विषयांतला तिनं पहिलाच घेतला: तुमची पार्श्वभूमी, ओळख, आवड किंवा अंगचा गुण, ज्याच्यावाचून तुमचा अर्ज अपुरा राहील असं काही असेल तर त्याची गोष्ट सांगा. ती म्हणाली, "मी आपल्या संस्कृतीवर लिहिणार." मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी मी माझ्या आईला फोन करून सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिनं पहिला खर्डा वाचायला दिला. सुरुवात उकडीच्या मोदकांच्या वाफेनं. मग ढोल-ताशा, नऊवारी, शाळेच्या डब्यातली पोळी-भाजी बघून वर्गातल्या मुलांनी मुरडलेली नाकं, आणि शेवटी 'मी दोन संस्कृतींमधला पूल आहे'. इंग्रजी सुरेख. तीनदा वाचला आणि त्यात मला माझी मुलगी सापडेना. ती मोदक खातच नाही, तिला नारळ आवडत नाही. डब्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलाच नाही, आमच्या गावातल्या शाळेत अर्ध्या वर्गाच्या डब्यात पोळी नाहीतर इडली असते. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आई, संस्कृतीचा निबंध असाच असतो. सगळे असंच लिहितात."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. दहा वर्षं दर रविवारी हिला मराठी शाळेत नेलं-आणलं. मंडळाच्या गणपतीत नाचली. सुट्टीत साताऱ्याला माहेरी आणि बुलढाण्याला सासरी राहून आली. आणि स्वतःबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा तिला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट उसनी घ्यावी लागली. आम्ही तिला नुसते कार्यक्रमच दिले का?

दुसरं असं, ओळखीतल्या एका खासगी सल्लागारानं बजावलं, "भारतीयपणा दिसेल असं काही लिहूच नका, आशियाई मुलांना त्याचा तोटा होतो." खरंय का हे? नवरा म्हणतो विषयच बदलू दे.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगा. काय लिहिलं, आणि तुम्ही किती हात लावला?

ओसरी | ७ सप्टेंबर

ताई, विषय बदलला तरी आभाळ कोसळत नाही. सातवा विषय 'तुमच्या आवडीचं काहीही' असा आहे. माझ्या मुलानं सायकलची चेन दुरुस्त करण्यावर लिहिलं, त्यात मराठीचा शब्द नाही, आणि तो निबंध नखशिखांत त्याचाच होता. लेकीला संस्कृतीवर लिहायचंय की तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती लिहिते आहे, हे एकदा तिला निवांत विचारा. आमच्या घरी हे विचारायला उशीर झाला होता, म्हणून आवर्जून सांगते.

सातवी_खिडकी | ७ सप्टेंबर

मी एका सरकारी विद्यापीठासाठी पाच हंगाम अर्ज वाचते आहे. विद्यापीठाचं नाव सांगता येणार नाही, पण काम कसं चालतं ते सांगते.

माझ्यासमोर अर्ज येतो तेव्हा त्यात मार्क, घेतलेले विषय, शाळेची माहिती, उपक्रमांची यादी आणि निबंध असं सगळं एकत्र असतं. पूर्ण अर्जाला मला साधारण पंधरा मिनिटं मिळतात, त्यात निबंधाला चार-पाच. त्या चार-पाच मिनिटांत मला एवढंच बघायचं असतं की हे पोर वर्गात येऊन बसलं तर कसं विचार करेल, कशावर अडेल, चुकलं तर काय करेल. मोदकांवरचा निबंध वाईट असतो असं अजिबात नाही. पण त्या मोदकाच्या जागी मेक्सिकन घरातलं तमाले ठेवा, पोलिश घरातलं पिएरोगी ठेवा. एकही वाक्य बदलावं लागत नसेल तर तो निबंध कुणाचाच नाही. 'दोन संस्कृतींमधला पूल' तर मी दर हंगामात इतक्यांदा ओलांडते की आता तो शब्द दिसला की मला त्या मुलासाठी वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा त्याच अर्जाच्या उपक्रमांच्या यादीत, एका ओळीत, त्याची खरी गोष्ट दडलेली असते.

आता सल्लागाराच्या म्हणण्याबद्दल. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला आणि प्रवेशात वंश हा निकष म्हणून वापरणं बंद झालं. आशियाई मुलांवर अन्याय होतो हाच हार्वर्डविरुद्धचा दावा होता, त्यामुळे आपल्या लोकांत ही भीती खोल बसली आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. पण त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, मग तो भेदभाव असो वा प्रेरणा, हे अर्जदारानं सांगितलं तर विद्यापीठानं ते विचारात घ्यायला मनाई नाही, मात्र ते त्या मुलाच्या धैर्याशी, गुणांशी जोडलेलं असावं. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी जोडनिबंधांत (मुख्य निबंधाशिवाय कॉलेज स्वतः मागतं ते छोटे निबंध) 'तुमच्या जगण्याच्या अनुभवातून तुम्ही आमच्याकडे काय घेऊन याल' अशा धर्तीचे प्रश्न घातले. आणि झाकून काय झाकणार? आडनाव अर्जावर आहे, घरी कोणत्या भाषा बोलता तेही विचारलेलं असतं.

तुम्ही लेकीला एकच विचारा: मराठीतलं असं काय आहे जे तू कुणी न सांगता करतेस? उत्तर यायला आठवडा लागला तरी चालेल.

आणि कृपा करून खर्डा इथं चिकटवू नका. बरीच विद्यापीठं निबंध इतर मजकुराशी ताडून बघतात. यंत्राकडून लिहून घ्यायचा विचार कुणी करत असेल तर, कॉमन ॲपच्या फसवणुकीच्या नियमांत २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणंही येतं.

बोळातलं_घर | ८ सप्टेंबर

आम्ही पुण्यातच राहतो. मुलगा दोन वर्षांपूर्वी इथूनच अर्ज करून गेला. आमची अडचण उलटी होती. सगळा वारसा अंगणातच पडलेला, मग त्यात सांगण्यासारखं काय असं त्याला वाटायचं. शनिवारवाड्यावरनं रोज सायकलनं जाणाऱ्या पोराला शनिवारवाडा दिसत नाही.

शेवटी त्यानं मोडी लिपीवर लिहिलं. अकरावीच्या सुट्टीत भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता, मित्र जात होता म्हणून. आमच्याकडे माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे कागद होते. ते घेऊन बसला. पहिले तीन दिवस त्याला फक्त 'मु॥' एवढंच लागलं, म्हणजे मुक्काम. चौथ्या दिवशी त्यापुढचं गावाचं नाव लागलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावचे म्हणून सांगतात ते गाव ते नव्हतंच. कागद कर्जाचा होता, पणजोबा घेणेकरी नव्हते, देणेकरी होते. निबंधात त्यानं हे आजोबांना सांगायचं की नाही याबद्दल लिहिलं. मी वाचला तेव्हा मला थोडा राग आला होता, घरातलं बाहेर काढलं म्हणून. पण एक अक्षर बदलायला लावलं नाही. आज त्याचं समाधान वाटतं.

हिवाळी_सत्र | ८ सप्टेंबर

मी तीन वर्षांपूर्वी हे सगळं केलं. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, चुका समजून घ्या. आईनं माझ्या निबंधात चार वाक्यं घातली होती. सगळी छान होती. काउन्सेलरनं वाचून बरोबर त्याच चार वाक्यांखाली रेघ मारली आणि विचारलं, हे कोण बोलतंय? आईला मी हे कधी सांगितलं नाही. काकू, तुम्ही तिला प्रश्न विचारा, वाक्यं देऊ नका.

निळं_आभाळ | ९ सप्टेंबर

पारिजातक, तुमची कळकळ पोचली. एक गोष्ट मात्र मनापासून मांडतो, वाईट वाटून घेऊ नका.

या धाग्यात आणि एकूणच आपल्या इकडच्या मंडळांत 'मराठी संस्कृती' म्हटलं की गणपती, मोदक, नऊवारी, दिवाळी फराळ. आमच्या घरी गणपती बसत नाही. माझे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या मैदानावर, वय वर्षं एकोणीस. आमच्या घरचा मोठा सण १४ एप्रिल, आणि वर्षातला सगळ्यात गंभीर दिवस ६ डिसेंबर. माझा मुलगा टेक्सासमधे वाढला. मंडळाच्या कार्यक्रमात त्याला कुणी विचारायचं, "तुमच्याकडे किती दिवसांचा गणपती?" आणि तो माझ्याकडे बघायचा.

तो बारा वर्षांचा असताना आम्ही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेलो. लाखो माणसं, पांढरे कपडे, आणि शिवाजी पार्कभर पुस्तकांचे स्टॉल. वडिलांनी त्याला पाचशे रुपये दिले आणि सांगितलं, खाऊ नाही, पुस्तकं. त्याला मराठी धड वाचता येत नव्हतं. त्यानं सात पुस्तकं घेतली, आजोबा वाचून दाखवतील म्हणून. आजोबा पुढच्या वर्षी गेले. निबंध त्या सात पुस्तकांवर होता. पाच त्यानं पुढे स्वतः शिकून वाचली, दोन अजून राहिलीत, एवढंच. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला आले, हे त्यात घाल असं मी सुचवलं होतं. तो म्हणाला, "बाबा, ते सगळ्यांना माहितीय. आजोबांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर किंमत लिहून ठेवली होती ते कुणाला माहीत नाही." त्याचं बरोबर होतं.

म्हणून म्हणतो, संस्कृती म्हणजे अमुकच हे मुलांच्या डोक्यात आपणच भरवलेलं असतं. तुमच्या लेकीनं जे लिहिलं तो तिचा आळस नाही, मंडळाच्या मंचावर दहा वर्षं जे पाहिलं त्याचाच तो सारांश आहे.

पारिजातक | १४ सप्टेंबर

निळं_आभाळ, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. वाईट कसलं वाटायचं. आमच्याकडेही हा प्रश्न कुणालातरी मी सहज विचारलेला असणार, आणि त्या पोरानंही असंच आपल्या बाबांकडे पाहिलं असेल. हे मनातून जात नाही.

आता प्रगती. सातवी_खिडकी यांनी दिलेला प्रश्न तिला विचारला. चार दिवस काही बोलली नाही. काल गाडीत अचानक म्हणाली, "ळ."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. ती गेली तीन वर्षं रविवारच्या मराठी शाळेत छोट्यांच्या वर्गाला मदतनीस म्हणून जाते. हे आम्ही तिला सांगितलेलं नाही, शाळेला माणूस हवं होतं, तिनं परस्पर हो म्हटलं. इथं वाढलेल्या मुलांना ळ येत नाही. 'बाळ'चं 'बाल' होतं, 'वेळ'चा 'वेल'. तिला स्वतःला आठव्या वर्षापर्यंत येत नव्हता. शिकवायची तिची स्वतःची पद्धत आहे: जीभ मागे वळवायची, टाळ्याला टेकवायची आणि तिथून पुढे आपटायची. मुलांना आरशासमोर उभं करते. 'काळे राळे गोरे राळे' म्हणायला लावते. शाळा भरते त्या इमारतीच्या जिममध्ये तळ्यात-मळ्यात खेळते. ळ चुकला की आऊट. पाय चुकला तर माफ!

मी तीन वर्षं तिला तिथं सोडते आणि गाडीत बसून फोन बघते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

सातवी_खिडकी | १४ सप्टेंबर

हाच निबंध. आता तिला एकटीला लिहू द्या. फक्त एक बघायला सांगा: हे 'मी मुलांना शिकवलं आणि त्यांना आलं' एवढ्यावर थांबलं तर ती यशोगाथा होईल. कुठं तरी ती अडली असेल, ते शोधू दे.

मूर्धन्य | १५ सप्टेंबर

वा! या एका अक्षरावर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत, 'अग्निमीळे' मध्ये, ळ आहे. पुढच्या अभिजात संस्कृतात तो राहिला नाही. प्रमाण हिंदीत नाही. पण मराठी, कोकणी, गुजराती, राजस्थानी, पंजाबी, ओडिया आणि खाली चारही प्रमुख द्राविडी भाषांत आहे. म्हणजे लेक मुलांना जे शिकवते त्यात कानडी, तमिळ मुलंही तिच्या बाजूला येऊन बसतील. आणि आपल्याकडे तो अर्थ बदलतो: काल-काळ, वेल-वेळ, नाल-नाळ, कल-कळ. इंग्रजी वाचकाला समजवायला या जोड्या उपयोगी पडतील.

पारिजातक | १५ सप्टेंबर

नाळ! मूर्धन्य, तुम्ही शेवटच दिलात. 'नाल' आणि 'नाळ', एका ध्वनीनं नाळ जोडली जाते. आज तिला सांगते.

वऱ्हाडी_ठेचा | १६ सप्टेंबर

मी सहसा नुसता वाचतो, पण इथं राहवलं नाही.

माझी आजी अकोला जिल्ह्यातली. ती आयुष्यात कधी ळ बोलली नाही. आमच्याकडे डोळा नाही, डोया. काळं नाही, कायं. "माह्या जवय बस" म्हणायची, आणि तिच्या त्या 'जवय'मधे जेवढी जवळीक होती तेवढी मला नंतर कुठं मिळाली नाही. खानदेशातही तसंच. सहावीत मी पुण्याला शिकायला आलो. पहिल्याच दिवशी 'फळा'ला 'फया' म्हणालो. बाई हसल्या नाहीत, पण वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही. घरी आजीशी फोनवर बोलताना आजूबाजूला कुणी नाही ना हे बघायला लागलो. आजी गेली तेव्हा मी शुद्ध बोलत होतो.

ताई, तुमच्या लेकीचं काम चांगलं आहे, मुलांना ळ यायलाच हवा. पण तुमचं सासर बुलढाण्याचं आहे म्हणालात. तिच्या आजी कसं बोलतात, हे तिनं कधी ऐकलंय का?

निळं_आभाळ | १६ सप्टेंबर

वऱ्हाडी_ठेचा, हात द्या. माझी आई 'पानी' म्हणते, 'लोनी' म्हणते. शाळेत मास्तरांनी मला उभं करून शंभर वेळा 'पाणी' म्हणायला लावलं होतं. णचा उच्चार आला. आईला शाळेत यायला नको म्हणायला लागलो, तेही तेव्हापासूनच.

मूर्धन्य | १६ सप्टेंबर

वऱ्हाडी_ठेचा, तुम्ही आलात हे फार बरं झालं. काल मी वेदांपर्यंत पोचलो आणि अकोल्याला जायचं राहिलं. तुमची आजी चुकत नव्हती. वऱ्हाडी-खानदेशीत ळच्या जागी य येतो तो नियमानं येतो, जागा ठरलेल्या आहेत. उत्तर कोकणात कोळी-आगरी बोलण्यात त्याच जागी ल येतो: 'गल्यान साखली सोन्याची' हे गाणं आपण सगळे म्हणतो, तिथं कुणाला गळ्यात आणि साखळी करावंसं वाटत नाही. गाण्यात ऐकलं की गोड लागतं, वर्गात ऐकलं की अशुद्ध ठरतं.

पारिजातक | २१ सप्टेंबर

काय लिहू कळत नाही, जसं घडलं तसं सांगते.

'नाळ'चं सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "छान आहे आई, पण ते तुझं वाक्य आहे." हिवाळी_सत्र, तुझी आठवण झाली.

मग वऱ्हाडी_ठेचा यांचा प्रतिसाद तिला देवनागरीतच वाचायला दिला. तिनं हळूहळू वाचला. दोनदा वाचला, आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, तिच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक सात वर्षांचा मुलगा होता. तो 'बाल', 'वेल' असं नाही, 'शाया', 'फया' असं म्हणायचा. तिला वाटलं हा मुद्दाम करतो. तळ्यात-मळ्यातमधे तिनं त्याला दर वेळी आऊट केलं. तीन रविवार. चौथ्या रविवारी तो बाजूला बसून राहिला, आणि त्यानंतर शाळेत आलाच नाही. त्याची आजी जळगावहून आलेली होती आणि तो आजीजवळच मराठी शिकत होता, हे तिला आत्ता, या आठवड्यात, शाळेतल्या बाईंना विचारल्यावर कळलं.

त्या रात्री तिनं बुलढाण्याला माझ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. इकडचं-तिकडचं बोलत बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, "डोयाचं आपरेशन झालं, आता तू नीट दिसते." लेकीनं मान खाली घातली. इतकी वर्षं ती आजीशी बोलते, तिला कधी ते वेगळं ऐकूच आलं नव्हतं. आजीचं बोलणं म्हणजे आजीचं बोलणं. आणि तेच त्या मुलाच्या तोंडून आलं तर आऊट.

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंही. पण 'तुझी चूक नाही' असं मी म्हटलं नाही, कारण तिला ते ऐकायचं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा | २१ सप्टेंबर

डोळ्यांत पाणी आलं. लेकीला सांगा, पंचेचाळीस वर्षांच्या एका माणसानं तुझे आभार मानलेत.

सातवी_खिडकी | २२ सप्टेंबर

तिला हे लिहायचं असेल तरच लिहू द्या. लिहिलं तर पश्चात्तापाचं भाषण नको, तीन रविवार काय घडलं ते तेवढं लिहावं. आणि त्या मुलाचं नाव, शाळेचं नाव, ओळख पटेल असं काही नको. तो लहान आहे, त्याची गोष्ट सांगायचा हक्क त्याचाही आहे.

दख्खनी_दक्षिण | २३ सप्टेंबर

मी चेन्नईहून वाचतो आहे. आम्ही तंजावरचे मराठी. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तिकडे राज्य बसवलं, त्या काळात गेलेली आमची घरं. साडेतीनशे वर्षं घरात मराठी बोलतो. पुण्याला लग्नाला गेलो की लोक विचारतात, ही कोणती भाषा? हे लिहिलेलंही मी पुस्तकं वाचून शिकलेल्या मराठीत लिहितो आहे, घरची मराठी लिहायची हिंमत होत नाही. माझी भाची पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. हा धागा तिला पाठवतो.

ओसरी | २३ सप्टेंबर

दख्खनी_दक्षिण, घरच्या मराठीत लिहा ना इथं. एक परिच्छेद तरी. आम्ही वाचू.

अवांतर: कॅलिफोर्नियाच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) या सरकारी विद्यापीठांना हा निबंध चालत नाही. त्यांचा अर्ज वेगळा, आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. तिथं १९९६ च्या प्रस्ताव २०९ मुळे वंशाचा निकष आधीपासूनच नाही. तिकडे अर्ज करणाऱ्यांनी ६५० शब्दांचा निबंध कापून चिकटवू नये, माझ्या पुतणीनं ते केलं आणि मधलाच धागा तुटला.

पारिजातक | ३१ ऑक्टोबर

काल रात्री अर्ज गेला. आता सांगायला हरकत नाही म्हणून तिच्या परवानगीनं थोडं सांगते, निबंध मात्र चिकटवत नाही.

पहिल्या ओळीत तळ्यात-मळ्यात आहे. मोदक नाही, पूल नाही, नाळ नाही. ६३८ शब्द. तो मुलगा आहे, नाव न घेता. आजीचं डोयाचं ऑपरेशन आहे. मूर्धन्य यांच्या जोड्यांपैकी तिनं फक्त 'वेल-वेळ' घेतली.

शेवट असा आहे. ऑक्टोबरमधे एका रविवारी तिनं वर्गातल्या मुलांना घरचा अभ्यास दिला: तुमच्या आजीला, आजोबांना, जे कोणी असतील त्यांना फोन करा आणि ज्याच्यावर खडूनं लिहितात त्याला ते काय म्हणतात ते विचारून या. पुढच्या रविवारी अकरा मुलं आली. तिनं सगळी उत्तरं एकाखाली एक लिहिली. फळा सहा, फया तीन, फला एक. एका मुलीच्या आजीनं सांगितलं की त्यांच्या गावच्या शाळेत फळाच नव्हता, शेणानं सारवलेल्या भिंतीवर लिहायचे. तेही तिनं लिहिलं. मग तळ्यात-मळ्यात खेळले, आणि त्या दिवशी फक्त पाय चुकला तर आऊट.

त्या मुलाच्या आईला तिनं स्वतः पत्र लिहिलंय, मराठीत, हातानं. उत्तर अजून आलेलं नाही. हे निबंधात नाही. मी विचारलं का नाही, तर म्हणाली, "ते कॉलेजसाठी नाहीये."

तिचं एक काम आहे तुमच्याकडे. वर्गाची यादी तिला वाढवायची आहे. तुमच्या घरी, तुमच्या आजीच्या तोंडी 'फळा' कसा होता, गावासकट लिहाल का?

वऱ्हाडी_ठेचा | ३१ ऑक्टोबर

फया. अकोला जिल्हा. आजीला शाळा मिळाली नाही, पण माझ्या पाटीलाही ती फयाच म्हणायची.

बोळातलं_घर | ३१ ऑक्टोबर

फळा. पुणे, सदाशिव पेठ. आजेसासूबाई मात्र उरणच्या, त्या फला म्हणायच्या, आणि आम्ही सुना त्यावर हसायचो. आज लिहिताना लाज वाटते.

कुळागर | १ नोव्हेंबर

फळो. फोंडा, गोवा. घरात कोकणी, देवळात आणि नाटकात मराठी. यादीत चालेल का?

पारिजातक | १ नोव्हेंबर

कुळागर, लेक म्हणते चालेल, पाचवी ओळ तुमची.

निळं_आभाळ | १ नोव्हेंबर

फळा. नागपूर. वडील त्यावर रोज सकाळी एक इंग्रजी शब्द लिहून कामावर जायचे, आणि आई तो संध्याकाळपर्यंत पुसू द्यायची नाही.